दिसतं अंग, लागतं अंग

हॉस्टेलच्या मेसमध्ये एका ताटाला तीन चपात्या, असा नियम होता. मी नवीन होते. पाचोडहून आलेली, घरातून कॉलेजला येणारी पहिलीच. त्यामुळे नियम म्हटला की मान खाली घालायची एवढंच मला ठाऊक होतं. माझ्या पुढे रांगेत एक उंच, रुंद, आमच्यापेक्षा वयाने बरीच मोठी मुलगी उभी होती. तिने चार चपात्या उचलल्या. मेसवाले काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तीन म्हणजे तीन. शरीर वाढलं म्हणून नियम वाढत नसतो."

रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. मीही थोडी हसले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्या मुलीने ताट खाली ठेवलं. पर्समधून सहा इंची स्टीलची पट्टी काढली आणि चपातीवर आडवी धरली.

"काका, जून महिन्यात ही चपाती सात इंच होती. मी पट्टी सरकवून मोजली होती. आता बरोबर सहा आहे. सात इंचाच्या तीन आणि सहा इंचाच्या चार, पीठ तेवढंच लागतं. मी नियमातच खाते. नियम तुम्ही लहान केला."

"अगं, चपाती काय मोजायची गोष्ट हाये का?"

"तुम्ही मोजूनच देता की. तीन."

पुढच्या आठवड्यात चपात्या काही मोठ्या झाल्या नाहीत. पण चौथी घेताना कुणाला अडवणं बंद झालं. रेणुकाताईची आणि माझी ओळख ही अशी, चपातीवरून झाली.

ती पैठणची. कॉलेजात तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला, पण वय सव्वीस. डिप्लोमा करून ती चिकलठाण्याच्या एका कारखान्यात चार वर्षं तपासणी विभागात होती. तयार झालेला प्रत्येक सुटा भाग मापकात घालून बघायचा, बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर लाल पेटीत टाकायचा, हे तिचं काम. पदवीशिवाय वरची जागा मिळणार नाही असं कळल्यावर ती सरळ नोकरी सोडून आमच्या कॉलेजात येऊन बसली. वर्गातले बाक तिला पुरायचे नाहीत. ती बाक भिंतीपासून ओढून घ्यायची, त्याचा मोठा करकर आवाज व्हायचा, सर थांबायचे, आणि ती म्हणायची, "झालं सर, शिकवा."

माणसांना ती गावाच्या नावाने हाक मारायची. मी 'पाचोड'. माझी खोलीतली मैत्रीण 'वैजापूर'. तिला 'साधारण' हा शब्द अजिबात चालायचा नाही. माझ्या बोलण्यात तो फार यायचा. काहीही सांगताना मी आधी 'मला वाटतं', मग 'बहुतेक', मग 'साधारण' असं करत करत मुद्द्यापाशी पोचायचे. ती पूर्ण ऐकून घ्यायची आणि विचारायची, "साधारण म्हणजे किती?" मग ती तिचा ठरलेला प्रश्न टाकायची, "मोजलं का?" तो प्रश्न तिने प्राध्यापकांना विचारलेला मी ऐकला आहे, रिक्षावाल्याला विचारलेला ऐकला आहे, आणि फोनवर स्वतःच्या आईलाही. आई म्हणत होती की मुलाकडच्यांना मुलगी जरा जास्तच वाटली. "जास्त म्हणजे किती? त्यांनी मोजलं का?" एवढं बोलून तिने विषय शेतातल्या मोसंबीवर नेला.

शेअर रिक्षात मागे तीन जणी बसायच्या. तिसरी बाई कुरकुरली की ताई शांतपणे म्हणायची, "मी दोन जागा घेत नाय मावशी. एकच घेते. ती मोठी आहे."

आता रोबोंचं सांगते.

कॉलेजच्या संमेलनात त्या वर्षी पहिल्यांदाच संगणकावरच्या खेळाची स्पर्धा ठेवली होती. पाच-सहा मजली इमारतीएवढे रोबो एकमेकांवर गोळ्या झाडतात, असा तो खेळ. विजेत्याला कॉलेजतर्फे विभागीय स्पर्धेला पाठवणार होते. मुलींसाठी लॅब शनिवारी दुपारी दोन तास उघडी असायची. आम्ही काही जणी नुसतं बघायला म्हणून गेलो. रेणुकाताईने यादीतला सगळ्यात मोठा रोबो निवडला. रोबोंची इंग्रजी नावं कुणाच्याच लक्षात राहायची नाहीत, म्हणून मुलामुलींनी आपली नावं ठेवली होती. हा सगळ्यात मोठा तो 'टाकी', कारण तो गावातल्या पाण्याच्या टाकीसारखा दिसायचा: चार जाड पाय, वर गोल पिंप, खांद्यांवर दोन लांब नळकांडी. सगळ्यात बारीक तो 'काडी'. मधले तीन.

"पहिल्यांदाच ऐसपैस गाडी मिळाली बाई," ताई खुर्चीत रेलून म्हणाली, आणि पहिल्याच दुपारी तिने चार जणींना गार केलं.

महिन्याभरात ती मुलांनाही हरवू लागली. मग कुरकुर सुरू झाली. संमेलनाच्या समितीत प्रतीक नावाचा शेवटच्या वर्षाचा मुलगा होता. शहरातलाच, बोलायला गोड. तो एकदा लॅबच्या दारात म्हणाला, "दीदी, टाकी घेतली की कोई भी जीतता है. एवढी मोठी आहे, एवढा जीव आहे तिला. हे फेअर नाहीये."

"मोठी आहे म्हणूनच तिला गोळ्या जास्त लागतात. काडी आडवी झाली की दिसतबी नाय. मोजलं का तुम्ही?"

"त्यात काय मोजायचं? दिसतंय ना डोळ्यांना."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "टाकी टाकीची बाजू घेणारच." हसू पिकलं. ताई वळली.

"व्हय, टाकीच. पाणी कुणाकडनं भरता मग?"

पण प्रकरण हसण्यावर थांबलं नाही. टाकीवर बंदी घालायची असं समितीत चाललंय, ही बातमी आली. स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. ताईला दुसरा कुठलाच रोबो नीट यायचा नाही. टाकी गेली की तिची विभागीय स्पर्धा गेली, आणि पुढच्या वर्षी ती कॉलेजात असणार नव्हती. ती समितीकडे गेली आणि म्हणाली, "पंधरा दिवस द्या. मी पाचही रोबो मोजून देते. आकडे बघा, मग ठरवा." प्रतीकने हात जोडले. "मोजा दीदी, मोजा."

मोजायचं काय, ते मला तिनेच समजावलं. अशा खेळात रोबोला दोन अंगं असतात. एक दिसतं, दुसरं लागतं. दिसतं ते चित्र. लागतं ते अदृश्य. खेळ बनवणाऱ्याने चित्राच्या आत बसवलेले चौकोनी खोके. गोळी चित्राला लागून उपयोग नाही, खोक्याला लागली तरच जीव कमी होतो. मुलं त्याला हिटबॉक्स म्हणायची. ताई म्हणायची 'लागतं अंग'. तिचं म्हणणं असं की रोबो किती टिकेल हे नुसत्या जिवावरून सांगता येत नाही. जीव किती आणि लागतं अंग किती, दोन्ही बघावं लागतं. "टाकीला काडीच्या तिप्पट जीव आहे ना? आणि अंग तिप्पटीहून जास्त आहे. म्हणजे झाली बरोबरी. उलट काडीच जास्त टिकते. मी दाखवते की त्यांना."

हे काम एकटीचं नव्हतं. एकीने रोबो खेळातल्या पटांगणात उभा करायचा, दुसरीने समोरून एकेक गोळी झाडायची. झाडायला मी. लॅबच्या कपाटात, पूर्वी सर लोक भिंतीवर दाखवायला वापरायचे ते पारदर्शक कागद पडून होते. ताईने ते माझ्या संगणकाच्या पडद्यावर चिकटपट्टीने लावले. औरंगपुऱ्यातून आणलेला आलेखाचा कागद खाली धरून त्यांवर बारीक चौकोनांच्या रेघा तिने आधीच स्वतः आखल्या होत्या. गोळी लागली की ठिणगी उडायची, तिथे लाल ठिपका. नाही लागली की मागच्या भिंतीवर धूळ उडायची, तिथे निळा.

"लागलं."

"लाल."

"लागलं."

"लाल."

"नाही लागलं. साधारण कडेला..."

"पाचोड!"

"नाही लागलं."

"निळा."

पहिल्या आठवड्याचे सगळे कागद माझ्यामुळे वाया गेले. मला कळलंच नव्हतं की प्रत्येक वेळी त्याच अंतरावरून झाडायला हवं. काडीला मी जवळून झाडलं होतं, कारण ती लांबून दिसायची नाही. त्यामुळे कागदावर काडी मधल्या एका रोबोच्या जवळपास आली होती. ताईने दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले आणि उजेडाकडे धरले. मला रडू यायला लागलं.

"रडू नको. पटांगणात तो लोखंडी खांब आहे बघ. तो प्रत्येक कागदावर सहा चौकोन उंच आला पाहिजे. पाच नाय, सात नाय. सहा आला की झाडायला लाग."

दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा सुरुवातीपासून मोजलं. लॅबच्या बाईंना सांगून मधल्या दिवसांतही जेवणाच्या सुट्टीत जायचो. काडी झाली, मधले तिघे झाले. टाकी ताईने मुद्दाम शेवटी ठेवली होती.

खालच्या पायांना मी झाडायला लागले. "लागलं. लागलं." सगळं ठीक होतं. मग मी वरच्या पिंपाच्या कडेला झाडलं. मागच्या भिंतीवर धूळ उडाली.

"नाही लागलं," मी म्हटलं.

"नीट झाड."

मी पिंपाच्या आतल्या बाजूला झाडलं. धूळ. खांद्यावरच्या नळकांड्यांना झाडलं. गोळी नळकांड्यातून आरपार गेली, धूळ. पायांच्या बाहेरच्या जाड पत्र्यांना झाडलं. धूळ. ताई निळे ठिपके देत गेली. तासाभराने कागद बघितला तर टाकीच्या चित्राचा अर्ध्याहून जास्त भाग निळा होता. लाल भाग मधोमध, आखडून बसलेल्या माणसासारखा. तिने चौकोन मोजले. एकदा मोजले, मग मला मोजायला लावले.

टाकीचं लागतं अंग काडीच्या जेमतेम दीडपट निघालं. जीव तिप्पट. म्हणजे प्रतीक म्हणत होता ते बरोबर होतं. टाकी काडीच्या दुप्पट टिकत होती.

आम्ही दोघीच होतो लॅबमध्ये. पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण तिच्याबद्दल लिहायचं तर हे टाळता येणार नाही. मी म्हटलं, "ताई, हा कागद आपण दिलाच नाही तर? फक्त दिसतं अंग मोजलं असं सांगू. त्यांना कुठे कळणार आहे?"

ती रागावली नाही. लाल पेनचं टोपण लावत म्हणाली, "बोललीस ते बरं केलंस. माझ्याबी मनात आलं होतं. आता दोघींच्याबी मनातून गेलं."

दुसऱ्या दिवशी तिने पाचही कागद, खाली आकडे आणि कसं मोजलं त्याची माहिती लिहून समितीला दिली. शेवटची ओळ तिने स्वतःच लिहिली होती: 'टाकीवर बंदी घालणे योग्य.'

दोन दिवसांनी सूचनाफलकावर कागद लागला. त्यावर एवढंच होतं: 'आकार फार मोठा असल्याने टाकी या रोबोवर स्पर्धेत बंदी घालण्यात येत आहे.' आमच्या मोजमापाचा उल्लेख कुठेच नव्हता. दुपारपर्यंत कुणीतरी ताई फलकासमोरून जाताना तिचा फोटो काढला. ती आणि शेजारी तो कागद. फोटो कॉलेजच्या ग्रुपवर फिरला. खाली कुणी काय लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही.

मला वाटलं, ती आता खोलीत जाऊन दार लावून घेईल. मी असते तर तेच केलं असतं, आणि संध्याकाळच्या एसटीने घरी गेले असते. ती फलकापाशी गेली. फलकाला काच नव्हती. तिने पेन काढून 'आकार फार मोठा असल्याने' या शब्दांवर एक सरळ रेघ मारली आणि वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: 'दिसते अंग व लागते अंग जुळत नसल्याने'. बाजूला सही केली.

गर्दी जमली. प्रतीक धावत आला. त्याच्या मागून स्पर्धेचे प्रमुख जोशी सरही आले.

"दीदी, ये क्या कर दिया? तुम्हीच तर सांगितलं ना बंदी घाला म्हणून?"

"बंदी राहू दे. कारण चुकीचं आहे."

"बंदी तर तीच ना! कारण कोण वाचतंय?"

"मी वाचते."

जोशी सर म्हणाले, "रेणुका, ही समितीची सूचना आहे. अशी खोडता येत नाही."

"म्हणूनच एकच रेघ मारली सर. कंपनीत आम्हाला हेच शिकवलंय. चुकलेलं गिरवायचं नाय, फाडायचं नाय. एक रेघ, म्हणजे खालचं वाचता येतं. वर बरोबर काय ते, शेजारी सही. कुणी खोडलं ते कळलं पाहिजे."

"पण एवढं कशासाठी? शब्दांचाच तर फरक आहे."

ताई सरांकडे नाही, जमलेल्या मुलांकडे बघून बोलली. आवाज चढवला नाही. "ह्या कॉलेजात माझ्याएवढं मोठं दुसरं कोण आहे? 'आकार फार मोठा' असं लिहून लावलं की पोरं कुणाकडं बघून हसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मोठी आहे म्हणून टाकीवर बंदी नाय. ती दिसते तेवढी लागत नाय, म्हणून आहे. मोठं असणं हा दोष नाय सर. दोष मी मोजून दिलाय. तो लिहा."

जोशी सरांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या, खोडलेली आणि लिहिलेली. मग विचारलं, "हे मोजलं कुणी?"

"मी आणि पाचोडनं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरांनी विचारलं, "बरोबर मोजलंय?" मला वाटतं, बहुतेक, साधारण, असं सगळं माझ्या ओठांवर आलं. मी म्हटलं, "हो सर. दोनदा."

सरांनी ताईच्या हातातलं पेन घेतलं. "सही केलीस, तारीख नाही टाकलीस," ते म्हणाले, आणि तिच्या सहीखाली तारीख टाकून स्वतःची सही केली. तो कागद स्पर्धा होईपर्यंत तसाच राहिला. फोटो मात्र ग्रुपवरून कुणी काढला नाही. ताईने काढायला सांगितलंही नाही.

स्पर्धेत ती काडी घेऊन उतरली. आठवडाभर तिने काडीचा सराव केला होता, पण आठवडा तो आठवडाच. बारीक रोबोला सारखं पळवावं लागतं आणि ताईची सवय पाय रोवून उभं राहायची. पहिली फेरी ती जिंकली. दुसऱ्या फेरीत पहिल्या वर्षाच्या एका मुलाने तिला चार मिनिटांत उडवलं. विभागीय स्पर्धा संपली. ती उठली, त्या मुलाशी हात मिळवला, आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत आमच्याकडे आली. प्रतीक तिथेच होता. त्याला खरंच वाईट वाटत होतं असं मला वाटतं. तो म्हणाला, "दीदी, टाकी असती तर तुम्हीच जिंकला असता."

"व्हय," ताई म्हणाली. "म्हणूनच तर बंदी बरोबर होती."

तिचा निकाल लागला त्याच महिन्यात चिकलठाण्याला दुसऱ्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली, यावेळी वरच्या जागेवर. कामाच्या पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत गेटपर्यंत गेले. तिची वळकटी आणि पिशव्या नव्या खोलीवर टाकून आम्ही त्याच रिक्षाने पुढे आलो. मला परत कॉलेजला यायचं होतं, म्हणून रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं होतं.

गेटवर आत जाणाऱ्या प्रत्येकाला पिवळं चमकणारं जॅकेट घालावं लागत होतं. सुरक्षारक्षक वयस्कर होते, स्वभावाने चांगले वाटले. त्यांनी होतं त्यातलं सगळ्यात मोठं जॅकेट ताईला दिलं. ते पुढून मिटेना. मागे पाळीच्या कामगारांची रांग वाढत होती.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," रक्षक म्हणाले. "मी रजिस्टरला लिहून ठेवतो. स्टोअरवाले काय ते बघतील. जावा तुम्ही आत."

ताई गेली नाही. मान वाकवून रजिस्टरमध्ये बघत म्हणाली, "काय लिहिलं मामा?"

"काय नाय. कर्मचारी अंगाने मोठी, जॅकेट येत नाही."

"जॅकेट लहान आहे, असं लिहा."

"एकच की हो ते!"

"एक नाय मामा. तुम्ही लिहिलंय त्यात मला बारीक व्हावं लागतं. मी सांगते त्यात स्टोअरला जॅकेट आणावं लागतं."

आत भोंगा वाजला. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, चला की! पाळी सुरू झाली." माझा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. मी ताईला हात केला, तिचं लक्ष नव्हतं. रिक्षा निघाली. वळणावरून मागे बघितलं तेव्हा मामांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला होता आणि ते पेनाचं टोपण काढत होते. सगळी रांग खोळंबली होती. रांगेच्या अगदी पुढे, उघडं जॅकेट अंगावर घेऊन, रेणुकाताई उभी होती आणि हलत नव्हती.